सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही: जुन्या इंजेक्शनच्या गाडीचा दोष कसा शोधायचा

मे महिन्यात मामाची गाडी कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर अडली. चिपळूणहून कराडला निघाला होता, घाट चढून चहाला थांबला आणि परत येऊन चावी फिरवली तर गाडी सुरूच होईना. २००४ सालची छोटी पेट्रोल गाडी, एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. सेल्फ जोरात फिरत होता, बॅटरी धडधाकट होती, पण इंजिन पेट घेत नव्हते. पाऊण तासाने मामाने सहज पुन्हा चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, जणू काही झालेच नव्हते.

पुढच्या दीड महिन्यात असे आणखी चार वेळा झाले. दरम्यान गाडीत नवी बॅटरी आली, नवे प्लग आले आणि शेवटी टाकीतला पेट्रोल पंपही बदलला गेला. दर वेळी मामाला एकच वाक्य ऐकू आले, "काका, हा पार्ट गेला असणार, बदलून बघू." तीन पार्ट बदलून झाले, आणि दोष होता तिथेच होता.

"बदलून बघू" हेच जुन्या गाडीचे सगळ्यात महागडे दुखणे आहे, असे माझे ठाम मत आहे. मेकॅनिकला मी दोष देत नाही. गॅरेजमध्ये गाडी नेली की ती नेमकी सुरू होते, दोष दिसतच नाही, गिऱ्हाईक घाईत असते, आणि चार गाड्या रांगेत उभ्या असतात. अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलणे हा त्यातल्या त्यात जवळचा रस्ता वाटतो. पण गाडी सुरू न होण्यामागे ठरावीक साखळी असते. ती कुठे तुटली हे शोधायला वीज येते का ते दाखवणारा शंभर-दोनशे रुपयांचा टेस्ट लॅम्प, व्होल्ट आणि ओहम मोजणारा एक साधा मल्टीमीटर आणि शाबूत कान एवढे पुष्कळदा पुरते. पार्ट बदलायचा तो त्यानंतर.

आधी ही साखळी समजून घेऊ.

पेट्रोल इंजिन पेटायला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब या गोष्टी लागतात, आणि त्या योग्य क्षणी एकत्र याव्या लागतात. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरच्या काळात यातले बरेच काम आपोआप होत असे. पिस्टन खाली गेला की हवा ओढली जाई, त्या हवेबरोबर कार्बुरेटरमधले पेट्रोल खेचले जाई. पेट्रोल पंपसुद्धा बहुतेक गाड्यांत इंजिनच्याच जोरावर चाले. वीज लागे ती सेल्फला आणि ठिणगीला. म्हणूनच त्या गाड्या बॅटरी उतरली तरी चार माणसांनी ढकलल्या की सुरू होत.

आपल्याकडे हे चित्र शतक बदलताना पालटले. १९९८ मध्ये सँट्रो आली ती एमपीएफआय इंजिन घेऊनच. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना त्याच वर्षीच्या १ जूनपासून युरो १ आणि १ एप्रिल २००० पासून युरो २ चे धुराचे निकष बंधनकारक केले. पाठोपाठ मुंबईसारख्या महानगरांचीही पाळी आली. इतका स्वच्छ धूर कार्बुरेटरला झेपण्यासारखा नव्हता, म्हणून मारुती ८०० सारख्या गाडीतही इंजेक्शन आले. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग, हे वजनाचे प्रमाण सतत सांभाळायचे तर मोजणारा आणि हुकूम देणारा कोणीतरी हवा. तो म्हणजे ईसीयू, गाडीचा छोटा संगणक.

तुम्ही चावी ऑनवर आणता तेव्हा आधी मेन रिले, म्हणजे विजेने चालणारा मुख्य खटका, ओढला जातो आणि ईसीयूला वीज मिळते. ईसीयू जागा झाल्याची खूण म्हणजे मीटरवरचा पिवळा चेक इंजिन दिवा लागणे. लगेच ईसीयू पेट्रोल पंपाला सुमारे दोन सेकंद चालवतो, म्हणजे लाइनमध्ये दाब तयार होतो. त्या काळच्या बहुतेक एमपीएफआय गाड्यांत हा दाब अडीच ते तीन बारच्या आसपास असतो. मग पंप थांबतो आणि ईसीयू वाट बघतो.

कशाची वाट? इंजिन फिरायला लागल्याच्या बातमीची. पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याजवळ, म्हणजे क्रँकशाफ्टजवळ, एक सेन्सर असतो. शाफ्टबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दात त्याच्यासमोरून गेले की त्यातून विजेची बारीक स्पंदने निघतात. भजनात मृदंगाची थाप पडल्याशिवाय टाळकरी ठेका धरत नाहीत, तसे ही स्पंदने आल्याशिवाय ईसीयू काहीच करत नाही. ती आली की पंप सलग चालू होतो, प्लगसाठी जोरदार वीज बनवणाऱ्या कॉइलला ठिणगीचा हुकूम जातो आणि इंजेक्टर पेट्रोल फवारू लागतात. ती आली नाहीत तर बहुतेक गाड्यांत या तिन्ही गोष्टी एकदम बंद राहतात, सेल्फ कितीही जोरात फिरला तरी.

मामाच्या गाडीचे सगळे कोडे या शेवटच्या वाक्यात होते. पण तिथे थेट उडी मारणे हीसुद्धा एक प्रकारे "बदलून बघू"चीच पद्धत झाली असती. म्हणून क्रमाने जाऊ.

आधी ऐका

"गाडी स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एकात सेल्फच फिरत नाही. दुसऱ्यात सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही. पहिल्या तक्रारीत पेट्रोल पंपाचा, प्लगचा, सेन्सरचा जवळजवळ काही संबंध नसतो. तरीही सेल्फ न फिरणाऱ्या गाडीचे प्लग बदललेले मी पाहिले आहेत.

चावी फिरवल्यावर जलद "टकटकटकटक" असा आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल, गंजलेले आहे. एकच दणकट "टक" होऊन पुढे काहीच घडले नाही तर हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवा. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग बघा. दिवा तसाच लख्ख राहिला तर संशय खुद्द सेल्फवर, त्यातल्या सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला वीज जोडणाऱ्या खटक्याच्या, झिजलेल्या संपर्कांवर जातो. अजिबात आवाज नसेल तर फ्यूज, इग्निशन स्विच, सेल्फचा रिले बघा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पार्किंग किंवा न्यूट्रलमध्ये आहे ना, हेही.

बॅटरीबद्दल अंदाज नको, मीटर लावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर गोष्ट गंभीर आहे, कारण इतक्या कमी विजेवर ईसीयू गोंधळतो आणि ठिणगीही अशक्त पडते. अशा वेळी सेल्फ फिरतो, पण गाडी पेटत नाही, आणि सगळे पंपाच्या मागे लागतात. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ढकलूनही उपयोग होत नाही, तोही याच कारणाने. पंपाला आणि ईसीयूला वीज कुठून मिळणार? दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावणे हाच मार्ग.

कोकणातल्या गाड्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड अर्थिंगची वायर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खाऊन आतून सडते. वरचे प्लॅस्टिक चांगले दिसते, आत हिरवी पावडर झालेली असते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर वीज त्या वाटेवर अडते आहे. वायर बदला, टोके घासून स्वच्छ करा. यासारखी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या ज्या धुऊनपुसून रस्त्यावर आल्या, त्यांची दुखणी पुढेही निघत राहिली, कारण कनेक्टरमध्ये शिरलेला ओलावा आपले काम सावकाश करतो. पुरात बुडालेल्या गाडीला पाणी ओसरल्यावर चावी लावून बघायचा मोह कधीही करू नये. आधी बॅटरीची वायर काढायची आणि गाडी टोचन करून न्यायची.

आता दुसरी तक्रार, सेल्फ फिरतो पण पेटत नाही. इथेही कान वापरा. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना आवाजात चढउतार असतो, घुर्र-घुर्र-घुर्र, कारण प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना सेल्फला जोर लागतो. तो चढउतार गेला आणि इंजिन नेहमीपेक्षा भरभर, हलके, एकसुरी फिरू लागले तर थांबा. व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटणारा टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तेव्हा दाबच तयार होत नाही, आणि काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून ते वाकवतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारलात तर खर्च वाढत जाईल. तेल भरायच्या झाकणातून किंवा बेल्टचे वरचे कव्हर थोडे सोडून आतले भाग फिरतात का हे मेकॅनिकला बघू द्या.

मग बघा

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिन दिवा लागला का? ही खूण बहुतेक लोक उलटी वाचतात. दिवा लागला की घाबरतात. पण सेल्फ मारण्याआधी तो लागायलाच हवा. लागलाच नाही तर, बल्ब गेला नसेल तर, ईसीयूला वीजच मिळत नाही. मग मेन रिले, त्याचा फ्यूज आणि ईसीयूचे अर्थिंग एवढीच शोधाची जागा उरते. इथे फुकटातली एक युक्ती आहे. हॉर्नचा किंवा फॅनचा रिले पुष्कळदा त्याच आकड्याचा असतो. रिलेवर छापलेला आकडा आणि पिनांची मांडणी जुळते का बघा आणि अदलाबदल करा. फ्यूजसुद्धा नुसता डोळ्यांनी बघू नका. त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, दोन्हींवर टेस्ट लॅम्प लागला पाहिजे. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही.

चावीचे चित्र असलेला किंवा इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर गाडी तुमची चावी ओळखत नाही. अशा गाड्यांत सेल्फ फिरतो आणि इंजिन पेटत नाही, किंवा सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. दुसरी चावी लावून बघा. चावी पडून आतली चिप निखळलेली असणे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

त्याच वेळी मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा. चावी ऑन केल्याबरोबर टाकीतून दोन सेकंद "झूंऽऽ" असा आवाज यायला हवा. ऐकू येत नसेल तर पेट्रोलचे झाकण उघडून कान द्या. आवाज आला म्हणजे पंपाची मोटर, रिले, फ्यूज आणि ईसीयू, सगळे निदान जागे आहेत. आवाज आला नाही तर लगेच पंप बदलू नका. पंपाच्या कनेक्टरवर त्या दोन सेकंदांत वीज येते का, हे आधी टेस्ट लॅम्पने बघा. वीज येते, अर्थिंग ठीक आहे आणि पंप गप्प आहे, तरच पंप दोषी. अशा वेळी टाकीच्या बुडाला हाताने किंवा रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर पंप फिरला तर त्याचे ब्रश झिजलेत, त्याचे दिवस भरले. फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा एक खटका असतो. खड्ड्यात आदळूनही तो उडतो, आणि दाबला की गाडी सुरू होते.

सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, पण एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक, अशी तक्रार असेल तर हे करून बघा: चावी ऑन करा, दोन सेकंद थांबा, ऑफ करा. असे तीन-चार वेळा करून मग सेल्फ मारा. आता झटकन सुरू झाली तर रात्रभरात लाइनमधला दाब उतरतो आहे. पंपातला परतीचा व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर किंवा प्रेशर रेग्युलेटर यांपैकी एक. रेग्युलेटर इंजिनजवळ असेल तर त्याची बारीक व्हॅक्युम नळी काढून बघा. तिच्यात पेट्रोल दिसले तर आतला पडदा फाटला आहे.

ठिणगी की पेट्रोल

दहा सेकंद सेल्फ मारा, त्याहून जास्त एका दमात नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्या. मग सायलेन्सरच्या तोंडाशी वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येतो म्हणजे पेट्रोल पोचते आहे, ठिणगी कमी पडते आहे. वास अजिबात नाही म्हणजे पेट्रोल पोचत नाही, किंवा दोन्ही नाहीत. प्लग काढला तर हेच आणखी स्पष्ट होते, तो ओला आहे की कोरडा यावरून. ओलाचिंब असेल तर इंजिन फ्लड झाले आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झाले आहे. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक ईसीयू अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतात, नुसती हवा जाऊन सिलिंडर सुकतो.

ठिणगी तपासताना कृपया प्लगची वायर हातात धरू नका. कॉइलमधून येणारी वीज वीस-तीस हजार व्होल्टची असते. वायर हवेत मोकळी सोडूनही सेल्फ मारू नका, कॉइल किंवा तिचा ड्रायव्हर जळू शकतो. स्पार्क टेस्टर नावाची साधी वस्तू मिळते, ती इंजिनच्या धातूला चिमटून लावा. त्याआधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, म्हणजे पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र येणार नाहीत, आणि न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तोही खराब होणार नाही. आणखी एक, ईसीयूच्या वायरींवर जुन्या पद्धतीचा मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, तो जास्त वीज ओढतो. एलईडीचा घ्या. इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये असा एलईडी लावून सेल्फ मारला की तो लुकलुकायला हवा. लुकलुकला म्हणजे ईसीयू हुकूम देतो आहे.

जूनच्या अखेरीस मी चिपळूणला गेलो तेव्हा मामा म्हणाला, "अरे, घरी असली की काही होत नाही तिला. घाटातच नाटक करते." मी म्हटले, मग घरीच घाट करू. अंगणात गाडी अर्धा तास चालू ठेवली, मध्ये मध्ये रेझ केली, मग बंद करून बोनेट लावून दहा मिनिटे थांबलो. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते, पण इंजिनची उष्णता जात नाही. बोनेटखालचे तापमान काही वेळ उलट चढतच राहते. चहाच्या टपरीवर नेमके हेच होत होते.

दहा मिनिटांनी चावी फिरवली. सेल्फ मस्त, इंजिन गप्प. मामाचा चेहरा उतरला. मला मात्र हायसे वाटले, दोष हातात सापडला होता.

चेक इंजिन दिवा लागत होता. चावी ऑन केल्यावर पंपाचा दोन सेकंदांचा आवाज येत होता. सायलेन्सरला वास नाही. स्पार्क टेस्टरवर ठिणगी नाही. इंजेक्टरच्या कनेक्टरवर एलईडी गप्प. सेल्फच्या आवाजात पंप ऐकू येत नाही, म्हणून पंपाच्या फ्यूजवर टेस्ट लॅम्प धरला. चावी ऑन केल्यावर तो दोन सेकंद लागला, पण मामाने सेल्फ मारला तेव्हा लागलाच नाही. पंप, ठिणगी, इंजेक्टर, तिन्ही एकाच वेळी बंद. तीन वेगळे पार्ट एकाच मिनिटात बिघडत नाहीत आणि पाऊण तासाने एकाच मिनिटात बरे होत नाहीत. तिघांना हुकूम देणारा ईसीयू जागा होता. म्हणजे त्याला बातमीच मिळत नव्हती.

क्रँक सेन्सर गिअरबॉक्सच्या वरच्या कडेला होता, हात पोचत होता. कनेक्टर काढून मल्टीमीटर ओहमवर लावला. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये काही शे ते हजार-दीड हजार ओहमचा आकडा दिसायला हवा. त्या पिवळ्या मीटरवर डाव्या कोपऱ्यात नुसता १ उभा होता. याचा अर्थ आत तार तुटलेली, वाट बंद. मामीने फडके भिजवून आणून दिले. ते पिळून सेन्सरवर गुंडाळून ठेवले. दोन-तीन मिनिटे काही नाही, मग मीटरवरचा १ थरथरला आणि ८६० आला. कनेक्टर लावला, मामाने सेल्फ मारला, गाडी सुरू.

आतल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात कुठेतरी केसाएवढी फट होती. तापली की तार फाकत होती, थंड झाली की टेकत होती. एकोणीस-वीस वर्षांच्या उष्णतेने एवढे होणारच.

दोष कधी दिसतो, हेही महत्त्वाचे

मला वाटते, कुठल्याही यंत्रापेक्षा हीच माहिती जास्त कामाची आहे आणि गाडीचा मालकच ती देऊ शकतो. फक्त गरम असताना अडते? क्रँक सेन्सर, कॉइल, किंवा आतले टाके तडकलेला रिले. फक्त सकाळच्या थंडीत? पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बघा. तो थंडीत ईसीयूला चुकून "इंजिन गरम आहे" असे सांगत असेल तर पेट्रोल कमी फवारले जाते. साधारण २० अंशाला त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहम आणि गरम झाल्यावर दोन-तीनशे ओहम असतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की सुरू होते, एरवी नाही? थ्रॉटलमध्ये (हवा आत सोडणाऱ्या झडपेत) आणि आयडलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालताना लागणाऱ्या, हवेच्या वाटेत काजळी साठली आहे, साफ करून बघा. फक्त पावसात? प्लगच्या वायरी आणि कॉइल रात्री अंधारात बघा, तडकलेल्या जागेतून निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसतात. काही दिवस उभी होती? बोनेटखाली उंदराने वायर कुरतडली आहे का बघा. हे आपल्याकडे इतके होते की मी ते सगळ्यात आधी बघतो.

सीएनजीच्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. पुण्या-मुंबईत जुन्या गाड्यांना बाहेरून बसवलेले किट पुष्कळ आहेत. नव्या पद्धतीच्या किटमध्ये गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि मग गॅसवर जाते. पेट्रोल परवडत नाही म्हणून टाकीत जेमतेम दोन लिटर ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, तो कोरडा पडून जळतो. महिनोन् महिने न वापरलेले पेट्रोल चिकट होऊन इंजेक्टर तुंबतात. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. ते हवेतला ओलावा शोषते, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व सील त्यासाठी बनलेले नव्हते. शिवाय गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणारी जी पेटी किटवाले बसवतात, ती बिघडली तर पेट्रोलवरही इंजेक्टर बंदच राहतात. सीएनजीची गाडी अडली की किटची वायरिंग जिथे मूळ वायरिंगला जोडली आहे, तिथली टेप सोडून बघा. कितीतरी वेळा दोष तिथेच मिळतो.

ईसीयूने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावू नका असे मी म्हणत नाही, जरूर लावा. पण आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच दोष ओळखून कोड नोंदवायची व्यवस्था, बंधनकारक झाले ते २०१० नंतर बीएस ४ या धुराच्या निकषांबरोबर, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांशी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलतच नाही. त्यांच्यासाठी गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो, किंवा चाचणीच्या कनेक्टरच्या दोन पिना जोडून दिव्याची उघडझाप मोजावी लागते. त्या काळच्या पुष्कळ सुझुकी इंजिनांत १२ हा कोड म्हणजे सगळे ठीक. आणि कोड मिळाला तरी तो पार्टचे नाव नसतो, वाटेचे नाव असतो. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये अडचण आहे एवढेच कळते. सेन्सर, वायर, कनेक्टर यांपैकी काय ते मीटरनेच कळणार. उलट मामाच्या गाडीत कोड आलाच नव्हता, कारण स्पंदने नाहीत म्हणजे इंजिन उभे आहे, अशी ईसीयूची समजूत होत होती. अशा वेळी स्कॅनरवरच्या लाइव्ह डेटात सेल्फ मारताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघा. दीडशे-दोनशेच्या आसपास आकडा यायला हवा. शून्यच राहिला तर दिशा मिळाली. ईसीयूवर संशय घ्यायचा तो अगदी शेवटी, त्याला वीज, अर्थिंग आणि सगळ्या बातम्या नीट मिळतात याची खात्री झाल्यावर.

त्या दिवशी संध्याकाळी मामाने मेकॅनिकला फोन लावला. या वेळी त्याने नुसते "गाडी सुरू होत नाही" असे सांगितले नाही. म्हणाला, "गरम झाली की सेल्फ फिरतो, पण ठिणगी नाही, इंजेक्टर नाही, आणि सेल्फ मारताना पंपाला वीज नाही. चावी ऑनला पंप दोन सेकंद चालतो. दिवा लागतो. थंड झाली की सगळे ठीक."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "काका, मग पंप नव्हताच. क्रँक सेन्सर आहे. सकाळी घेऊन या, मी मागवून ठेवतो."